हाकेला ओ

डब्याचं झाकण वाजलं.

अगदी हळू. स्टीलवर स्टील टेकावं तसं, एकदाच. अक्षदाचे डोळे उघडले. केबिनच्या खिडकीत करडा उजेड होता. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते अजून कळत नव्हतं. इंजिनाची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की आता ती ऐकूच येत नसे. त्या घरघरीतून हा आवाज मात्र स्वच्छ वर आला. घरचा आवाज. भिसेगावातल्या त्यांच्या स्वयंपाकघरातला.

डबा सासूबाईंनी दिला होता. "बोटीवर काय खायला घालतील, नाय घालतील. पोरीच्या पोटाला घरचं आसू दे," म्हणून विमलबाईंनी तांदळाच्या पिठाचे लाडू वळून दिले होते. त्या स्वतः मात्र आल्या नाहीत. "पान्यावर निजायचं म्हंजे काय गं? मी नाय येत. तुमी जा, मजा करा." ऋषिकेशनं लग्नानंतर आठ वर्षांनी पहिल्यांदा बायकोला कुठे लांब नेलं होतं. मुंबईहून गोवा, मग लक्षद्वीप, आणि आता परत. परतीचा पहिला दिवस उजाडत होता.

टेबलाशी एक लहानशी आकृती पाठमोरी बसलेली होती.

"रिया, दात घासल्याशिवाय लाडू नको हं," अक्षदा अर्धवट झोपेत म्हणाली आणि कुशीवर वळली.

तिच्या पोटरीला कोमट पाऊल लागलं. रिया तिच्या शेजारीच झोपली होती. पलीकडे ऋषिकेश घोरत होता.

अक्षदानं मान वर करून पुन्हा पाहिलं. खुर्चीवर लाइफ जॅकेट होतं. आदल्या दिवशी बोटीवरच्या सुरक्षेच्या कवायतीला घातलेलं, नारिंगी, छोट्यांच्या मापाचं. कुणीतरी बसल्यासारखं ते खुर्चीत रुतलं होतं. बोट किंचित कलली की त्याचे पट्टे हलत. डब्याचं झाकण तिरकं झालं होतं. तेही बोटीच्या हलण्यानंच झालं असणार. तिनं उठून ते घट्ट बसवलं, आणि जॅकेट कपाटात टाकून दिलं.

त्या दिवशी रियाचा पहिला दात पडला. सहा वर्षांची झाली तरी पडत नव्हता म्हणून रिया आठवडाभर जिभेनं ढकलत बसली होती. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये सफरचंदाचा तुकडा तोडताना तो निघाला, समोरचा, वरचा. रक्त पाहून ती आधी घाबरली आणि मग सगळ्या टेबलांना दाखवत फिरली.

"खिडकी उघडी राहिली गं तुझी," ऋषिकेश म्हणाला. "माशी जाईल आत."

हे वडिलांनी म्हटलं तोवर ठीक होतं. दुपारी खेळघरात दोन मोठ्या मुलांनी तिला 'खिडकी, खिडकी' म्हणून चिडवलं, तेव्हापासून रियानं तोंडावर हात ठेवला तो ठेवलाच. हसतानाही हात. बोलतानाही हात. अक्षदानं तो दात टिश्यूत गुंडाळून पर्समधल्या कुंकवाच्या डबीत ठेवला. घरी गेल्यावर पडवीच्या कौलांवर टाकायचा होता. तो रियाच्या हातानंच टाकायचा, असं विमलबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं.

संध्याकाळी डेकवरून परतले तर पलंगावर टॉवेलचे हत्ती बसले होते. केबिन आवरणारा मुलगा रोज टॉवेल दुमडून काहीतरी करून ठेवायचा. कधी ससा, कधी बदक. आज दोन होते, एकाच मापाचे, शेजारी शेजारी.

तो कॉरिडॉरमध्येच ट्रॉली ढकलताना दिसला. "दोनों बेबी खुश?" त्यानं हसून विचारलं.

"हमारी एक ही बेटी है," अक्षदा म्हणाली.

त्याचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र अक्षदाच्या खांद्यावरून आत केबिनमध्ये गेले. तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि ट्रॉली पुढे नेली. शेजारच्या केबिनपाशी तो थांबला नाही.

"टिपेची तयारी," ऋषिकेश म्हणाला. "डबल हत्ती, डबल टिप." अक्षदा हसली. रियाही हसली, तोंडावर हात ठेवून. तिनं एक हत्ती उशाशी घेतला. दुसरा तिनं आपण होऊन खुर्चीवर नेऊन ठेवला.

"तो तिथे का गं?"

"त्याला तिथंच आवडतं," रिया म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई दिसू लागली तशी फोनला रेंज आली आणि पहिला फोन विमलबाईंचाच आला.

"पोचले का गं?"

"तासाभरात उतरू, आई. सामान बाहेर काढतोय."

"निघताना हाक घे हां पोरीची. इसरू नको."

अक्षदानं डोळे मिटले. हे येणार हे तिला माहीत होतं. विमलबाईंचं माहेर कोंडाण्याचं. लेण्यांच्या डोंगराखाली वाढलेली बाई. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीची रीत होती. ही रीत हाकेची. मूल जिथे रमतं तिथून निघताना त्याला नावानं हाक मारायची, "चल गं, घरी जायचं," आणि मुलानं "आले" म्हणून ओ द्यायची. शेतावरून, नदीवरून, मामाच्या घरून, कुठूनही निघताना. नाहीतर मुलाचं काहीतरी तिथेच रेंगाळतं, मग ते घरी येऊन जेवत नाही, झोपेत रडतं. अक्षदाला यात खोट काढावीशी कधी वाटली नव्हती. उलट, कुणीतरी आपलं सगळंच्या सगळं परत मागतंय, हे तिला गोडच वाटायचं. पण ते पडवीत. बोटीवर, बॅगा घेऊन धावणाऱ्या लोकांसमोर?

"पोर डोळ्यांसमोर पायजे," विमलबाई सांगत होत्या. "हात धर तिचा, मंग हाक मार. आन् एकदाच. न बघता मारायची नाय. आयकतीस ना?"

"हो आई. घेते."

फोन ठेवला तेव्हा ऋषिकेश रियाला घेऊन लिफ्टकडे गेलाही होता. "तू पर्स घेऊन ये, आम्ही रांग धरतो," असं ओरडून. अक्षदानं पलंगाखाली पाहिलं, बाथरूम पाहिलं, लाडवांचा डबा पिशवीत घातला. कॉरिडॉर रिकामा होता. दारात उभी राहून तिनं मागे वळून पाहिलं. विस्कटलेल्या चादरी, खुर्चीवर टॉवेलचा हत्ती. खाली गर्दीत हाक मारायची तर लाज वाटणार. इथे कोणी नव्हतं. हाक मारली म्हणजे झालं, सासूबाईंना खोटं सांगावं लागणार नाही.

"रिया," ती रिकाम्या केबिनकडे बघत म्हणाली, "चल गं. घरी जायचं."

"आले," आतून आवाज आला.

रियाचा आवाज. सकाळचा, जरासा बसलेला, आईला ओळखायला क्षणही लागू नये असा.

अक्षदा आत गेली. पडदा बाजूला केला. खिडकी बंद, काचेवर मिठाचे डाग. बाथरूमचं दार उघडून पाहिलं. कपाट उघडलं, तर हँगर एकमेकांवर आपटून किणकिणले.

तितक्यात तिचा फोन वाजला. "अगं ये ना," ऋषिकेश म्हणत होता. "रिया कंटाळलीय. घे, बोल तिच्याशी."

"आई, लवकर ये ना," रिया फोनवर म्हणाली.

अक्षदा बाहेर आली. केबिनचं दार आपोआप मिटणारं होतं. सोडलं की धाडकन बसायचं. आज ते सावकाश आलं. मध्येच क्षणभर थांबलं, जसं कुणी हातानं धरून, अंग चोरून बाहेर पडावं. मग बसलं.

*

बंदरावर सुलेमानभाई गाडी घेऊन आले होते. भिसेगावातच राहायचे, दोन गल्ल्या सोडून. ऋषिकेशचे लहानपणापासूनचे ओळखीचे.

"काय वहिनी, काळ्या पडल्या," त्यांनी बॅगा चढवत विचारलं. "समुद्र मानवला का?"

"पायाखालची बोट अजून जात नाहीये," अक्षदा म्हणाली, आणि ते खरं होतं. जमीन हलत होती. गाडीत बसल्यावरही तिला वाटत होतं, सीट एका बाजूनं किंचित खाली जाते, मग वर येते.

एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या अलीकडे ते चहाला थांबले. रियाला भूक लागली होती. ऋषिकेश तिला घेऊन आत गेला. अक्षदाही गेली. वडे येईपर्यंत रिया बाबांच्या मांडीवर बसून बाटलीचं झाकण उघडझाप करत राहिली. इतक्यात सुलेमानभाई चहाचा कप घेऊन टेबलाशी आले आणि तिथेच थबकले.

त्यांनी रियाकडे पाहिलं. मग काचेबाहेर, गाडीकडे.

"ही कधी आली आत?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून इथेच आहे की," ऋषिकेश म्हणाला.

"नाय रे. गाडीत होती. मी म्हटलं, वहिनींनी पोरीला एकटी कशी ठेवली. उकडत होतं तिला, म्हणून एसी लावून आलो." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "मागच्या सीटवर. डबा घेऊन बसलेली."

"सुलेमानभाई, चष्मा बदला," ऋषिकेश हसला.

सुलेमानभाई हसले नाहीत.

अक्षदा उठली. चालतच गेली; पळाली तर रिया घाबरेल असं तिला वाटलं. गाडीचं इंजिन चालू होतं. दार उघडलं तसा गार वारा अंगावर आला, आणि त्या वाऱ्याला केबिनचा वास होता. ओले टॉवेल, डिझेल, मीठ. मागच्या सीटवर लाडवांचा डबा उघडा होता. झाकण शेजारी नीट उपडं ठेवलेलं, रिया ठेवते तसं. वरचा लाडू अर्धा खाल्लेला होता.

तिनं तो उजेडात धरला. तांदळाच्या पिठाच्या लाडवावर दात स्वच्छ उमटतात. वरच्या दातांची ओळ उमटली होती, लहान लहान, सरळ.

मध्ये फट नव्हती.

तिनं लाडू कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. चौकवरून कर्जतच्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं रियाचा हात सोडला नाही. सुलेमानभाई एरवी रस्ताभर बोलायचे. त्या दिवशी ते सारखे आरशात बघत होते, आणि एकदाही त्यांनी रेडिओ लावला नाही.

*

विमलबाई दारात उभ्या होत्या, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तिघांवरून त्यांनी भाकर ओवाळली, पाणी फिरवलं, तुकडा अंगणापलीकडे टाकला. रियाचा मुका घेतला. "दात कुठं टाकून आलीस गं माझे बाय?" रियानं हातानं तोंड झाकलं. ऋषिकेश बॅगा घेऊन आत गेला, रिया त्याच्यामागून, मग अक्षदा.

विमलबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी दार धरून ठेवलं होतं. थोडा वेळ त्या उंबऱ्याकडे बघत होत्या. मग हळूच त्यांनी दार लावलं.

"हाक घेतली ना?"

"घेतली."

"डोळ्यांसमोर हुती ना पोर?"

"होती," अक्षदा म्हणाली.

ऋषिकेश दुसऱ्या दिवसापासून खोपोलीला कारखान्यात जाऊ लागला. घर आपल्या वळणावर आलं. पण मांडणीतल्या वाट्या मधूनच किणकिणत, सगळ्या एका बाजूला सरकल्यासारख्या. माठातलं पाणी ओगराळं न बुडवताच काठाला लागे आणि परत फिरे. अक्षदाला वाटे, आपलंच डोकं अजून डोलतंय. मग एकदा तिनं विमलबाईंना माठापाशी उभं पाहिलं. त्याही पाण्याकडेच बघत होत्या.

"रिया, दूध घे," एका सकाळी अक्षदानं स्वयंपाकघरातून हाक मारली.

"आले," रिया अंगणातून म्हणाली.

"आले," माडीवरून आवाज आला.

त्यानंतर अक्षदानं तिला नावानं हाक मारणं सोडलं. काही हवं असलं की ती उठून जायची, रिया दिसेपर्यंत शोधायची आणि खांद्याला हात लावून सांगायची. आधी तोंड बघायची. "आ कर बघू," म्हणायची, "नवा दात येतोय का बघू." फट दिसली की तिचा श्वास सुटायचा. रियाला हा खेळ वाटायचा. एका दुपारी ती बाजेवर झोपली होती, तोंड किंचित उघडं. वरची ओळ पूर्ण होती. अक्षदा ओट्यापाशी गेली, विमलबाईंचा हात धरून त्यांना घेऊन आली. तोवर रिया कूस बदलून झोपली होती, आणि फट जागेवर होती.

विमलबाईंनी सुनेकडे पाहिलं. "पोरीला नावानं का हाक मारत नायस गं तू?"

अक्षदा खाली बसली. पदर बोटाला गुंडाळत राहिली. "ती डोळ्यांसमोर नव्हती, आई. बोटीवर. मी दारातून मारली हाक. ती खाली होती."

"मंग ओ कुनी दिली?"

"रियानंच दिली."

विमलबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त झोपलेल्या रियाच्या पायांवर चादर ओढली, आणि मग, बराच वेळ, बाजेच्या मोकळ्या बाजूकडे बघत राहिल्या.

"आता परत हाक मारू नको," त्या म्हणाल्या. "दात हाय ना तुझ्यापाशी?"

"आहे."

"सांजच्याला कौलावर टाकू. तिच्या हातानं. ज्या पोरीच्या हातातून दात कौलावर जाईल, तिला घर आपली म्हनतं. मंग दुसऱ्या कुनाला हितं थारा नाय." त्यांनी सुनेकडे वळून पाहिलं. "पन दात देताना बघून दे, अक्षदा. एवढं तरी बघून दे."

*

ऊन कलल्यावर विमलबाई पुढच्या दारात पाट टाकून बसल्या. ऋषिकेश अजून आला नव्हता. घरात चौथं माणूस नव्हतं.

अक्षदा मागच्या पडवीत उभी होती. जुनी कौलं हाताला येतील इतकी खाली उतरलेली. कुंकवाच्या डबीतून तिनं टिश्यू काढला, उलगडला. तळहातावर दात ठेवला. किती लहान होता तो. याच तोंडानं ती दूध प्यायली, याच दातानं पहिल्यांदा चावली तेव्हा अक्षदा कळवळली होती आणि हसली होती.

तिनं हाक मारली नाही. वाट बघत उभी राहिली.

मागच्या दारात रिया आली. हिरवा फ्रॉक, सकाळी अक्षदानंच घातलेला. तोंडावर हात.

"आजी म्हणाली, दात टाकायचाय," ती हाताआडून म्हणाली.

"हो राणी. ये."

ती आली. पडवीच्या फरशीवर तिच्या पावलांचा आवाज झाला, हलका, नेहमीसारखा. जवळ येऊन तिनं दुसरा हात पुढे केला, तळवा वर करून.

अक्षदानं मूठ मिटली.

"आधी तोंडावरचा हात काढ बघू."

तिनं मान हलवली. नाही.

"मी नाही चिडवणार गं. काढ ना, सोन्या."

मान पुन्हा हलली. डोळे रियाचे होते. डाव्या भुवईवर पडल्याची खूण होती. केसाला अक्षदानं बांधलेली रिबीन होती.

आत, स्वयंपाकघरात, डब्याचं झाकण वाजलं.

हळू. स्टीलवर स्टील टेकावं तसं. मग कुणीतरी लाडू खाल्ल्याचा बारीक आवाज.

पुढच्या दारातून विमलबाई आत गेल्या नव्हत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाजही आला नाही. त्या पाटावरच होत्या.

अक्षदाला फक्त ते मनगट धरायचं होतं. धरायचं, खाली ओढायचं, आणि बघायचं. तिचा हात निम्म्यावर गेला आणि थांबला.

समोरचा हात अजून पसरलेलाच होता. वाट बघत. जरासा दमून तो खाली आला, पुन्हा वर झाला.

"आई," तोंडावरचा हात न काढता तिनं विचारलं, "बोटीवर तू आमच्यातल्या कुणाला हाक मारली होतीस गं?"